पाळी बदलते, गोळीची वेळ बदलू नये

प्रश्न : माझे पती, वय 34, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत तीन पाळ्यांमध्ये काम करतात. अपस्मारासाठी त्यांना सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू आहे. दीड वर्ष एकही फिट आली नव्हती. नवरात्रात त्यांनी नऊ दिवसांचे उपवास धरले, त्यात रात्रपाळी होती, आणि उपाशीपोटी गोळ्या उष्ण पडतात म्हणून सासूबाईंनी त्या थांबवायला सांगितल्या. सातव्या माळेला पहाटे आकडी आली. औषध लागू पडत नाही असे समजायचे का? आयुष्यभर घ्यावे लागेल का? कामावर आम्ही कोणालाच सांगितलेले नाही.
— एक भगिनी, ता. करवीर

उत्तर : औषध निष्फळ ठरले असे आपल्या पत्रावरून म्हणता येत नाही, कारण ज्या दिवसांत फिट आली त्या दिवसांत ते शरीरात नव्हतेच. व्हॅल्प्रोएटचे रक्तातील प्रमाण साधारण 9 ते 16 तासांत निम्म्यावर येते, म्हणून ही गोळी रोज, ठरलेल्या वेळी पोटात जावी लागते. त्यात रात्रीची झोप मोडली, आणि अपुरी झोप हे फिट येण्याचे नेहमीचे कारण आहे. योग्य उपचार नियमित घेतल्यास अपस्माराचे सुमारे 70 टक्के रुग्ण फिटविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपले पती दीड वर्ष तसेच जगत होते.

सासूबाईंचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. या गोळीने काहींच्या पोटात जळजळते, मळमळते. मात्र त्यावरचा उपाय गोळी बंद करणे हा नव्हे, ती खाल्ल्यानंतर घेणे हा आहे. उपवास धरायचाच असेल तर भगर किंवा राजगिऱ्याचा लाडू खाऊन गोळी घ्यावी. वजन वाढणे, केस गळणे, हात थरथरणे यांमुळेही पुष्कळ जण गुपचूप गोळ्या सोडतात. असे काही होत असल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगावे; मात्रा किंवा औषध बदलता येते.

मला अधिक काळजी वाटते ती पाळ्यांची. ‘सकाळ-संध्याकाळ’ ही सूचना दिवसा काम करणाऱ्याला पुरते. रात्रपाळीहून येऊन दुपारपर्यंत झोपणाऱ्याची सकाळ कोणती? डॉक्टरांना विचारून घड्याळाच्या दोन वेळा ठरवून घ्या, समजा सकाळी 9 आणि रात्री 9, आणि पाळी कोणतीही असो, त्या बदलू नका. मग लक्षात येईल की पहिल्या पाळीत सकाळची आणि दुसऱ्या पाळीत रात्रीची गोळी कारखान्यातच घ्यावी लागते. आजार लपवायचा असला की नेमकी हीच गोळी राहते. डबा उघडताना चारचौघे असतात आणि पुडी खिशातच उरते. म्हणून निदान एका विश्वासू सहकाऱ्याला तरी सांगाच. शिवाय डॉक्टर परवानगी देईपर्यंत भट्टीजवळचे, वितळलेल्या धातूचे आणि उंचीवरचे काम नको, मोटारसायकलही नको. शक्यतो दिवसपाळी मिळावी यासाठी डॉक्टरांचे पत्र मागून घ्यावे.

चुकलेली गोळी लवकर आठवली तर लगेच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. यातली सीमा किती तासांची, हे आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

प्रत्येकालाच आयुष्यभर औषध लागते असे नाही. साधारणपणे किमान दोन वर्षे फिट आली नाही, तर डॉक्टर रुग्णाची प्रकृती आणि तपासण्या पाहून काही महिन्यांत हळूहळू मात्रा कमी करण्याचा विचार करतात. दुर्दैवाने ही मोजणी आता पुन्हा सुरू करावी लागेल. अचानक बंद केल्यास फिटवर फिट येण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

पुन्हा फिट आलीच तर त्यांना कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा आणि वेळ मोजा. तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर लगेच कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचे रुग्णालय गाठा. हे त्या सहकाऱ्यालाही सांगून ठेवा. या वेळी डॉक्टरांकडे जाताना नवरात्रातले किती डोस राहिले ते दिवसवार लिहून न्या, म्हणजे गरज नसताना मात्रा वाढवली जाणार नाही.