'अबाउंड' वापरायला सुरुवात करताय?
अर्थ सोपा आहे: रेलचेल असणं. मूळ लॅटिन 'उंडा', म्हणजे लाट. त्यावरून काठ ओलांडून वाहणं, आणि फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. आधी एवढंच पक्कं करा:

- हे क्रियापद आहे, विशेषण नाही. 'द रिव्हर इज अबाउंड विथ फिश' ही नेहमीची चूक. मराठीतल्या 'आहे'मुळे 'इज' आपसूक घुसतं. बरोबर वाक्य: 'द रिव्हर अबाउंड्स इन फिश'. 'विथ' चालतं, 'ऑफ' नाही.
- उलटंही म्हणता येतं: 'फिश अबाउंड इन द रिव्हर'. कर्ता आता अनेकवचनी, म्हणून शेवटचा 'एस' गेला.

'रूमर्स अबाउंड' एवढंही पूर्ण वाक्य आहे: अफवांना ऊत आलाय. शब्द लिखाणातला आहे. घरात दूध भरपूर असेल तर 'प्लेंटी ऑफ मिल्क'च म्हणा.