आल्टोच्या हातात क्लॅरिनेटचं पान

प्रश्न : कळव्यात आमचा हौशी ब्रास बँड आहे, 19 वादक. पंधरा वर्षांची नोटेशनची पानं दोन पेट्यांत कोंबलेली आहेत. दर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री शोधाशोध. गाण्यांच्या आद्याक्षरानुसार लावावीत का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आद्याक्षरांच्या नादी लागू नका. मी तो उद्योग करून बसलोय. एकच गाणं कुणी मुखड्यावरून मागतो, कुणी सिनेमाच्या नावाने, तर कुणी 'ते वरातीतलं' म्हणून. शिवाय नवं गाणं आलं की अख्खं कपाट सरकवायचं. सरळ नंबर द्या, हाताला लागेल त्या क्रमाने 1, 2, 3. नावं वहीत नाहीतर एक्सेलमध्ये.

एका गाण्याचं एक पाकीट. वर नंबर, नाव, पट्टी (स्केल) आणि आत कुठल्या वाद्याची किती पानं. प्रत्येक पानावर वाद्याचं नाव आणि तोच नंबर, तोही दोन ठिकाणी, वर आणि खाली. का, ते सांगतो.

मी नौपाड्यातल्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. पाडव्याच्या शोभायात्रेत आमच्या आल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या हाती क्लॅरिनेटचं पान गेलं. वाद्याचं नाव होतं तो कोपरा फाटलेला. आता क्लॅरिनेटवर लिहिलेला 'सी' वाजवला की हार्मोनियमची काळी पाच ऐकू येते, आल्टोवर तोच 'सी' काळी दोन. बिचारा मासुंदा तलावापर्यंत मन लावून वाजवत होता, आणि आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत होतो.

मूळ प्रत कपाटाबाहेर काढायची नाही; वादकांना झेरॉक्स. (छापील संच विकत आणला असेल तर आधी प्रकाशकाची परवानगी.) पानांवर खुणा पेन्सिलीनेच. शाईपेनाने लिहिलेलं आपल्याकडच्या पावसात एका मिरवणुकीत वाहून जातं. फाटलं तर सेलोटेप नको, तो पिवळा पडतो आणि कागदही खराब करतो. लॅमिनेशन तर मुळीच नको : खुणा करता येत नाहीत, वर उन्हात चमकून सूर दिसत नाहीत. कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, नाहीतर कसर लागलीच म्हणून समजा.

पहिल्या रविवारी लावायला घेऊ नका, फक्त मोजा. काय हरवलंय ते पाकिटावर लिहा. बास ड्रमची पानं बहुतेक सापडणार नाहीत. आमच्याकडे नऊ वर्षं नव्हती, आणि वाजवणाऱ्याने एकदाही मागितली नाहीत.