दाखल्याचा अर्ज तुमच्या सहीने देऊ नका

प्रश्न : आम्ही जळगावला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझम आहे, खासगी विनाअनुदानित सीबीएसई शाळेत तिसरीत शिकतो. वाचन चांगलं आहे, पण घंटा वाजली की कान झाकून ओरडतो. मागच्या महिन्यात तो शेजारच्या मुलाच्या हाताला चावला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पूर्ण वेळ शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारा माणूस) तुमच्या खर्चाने आणा, नाहीतर दाखला घेऊन जा. त्याला स्पेशल स्कूलच बरी." टाइप केलेला अर्ज हातात दिलाय, शनिवारी सही करून मागितलाय. सासरेही म्हणतात, भांडण नको. काय करू?

उत्तर : ताई, त्या अर्जावर सही करू नका. तुम्हीही नाही आणि मुलाच्या वडिलांनीही नाही. अर्ज नीट वाचा. "वैयक्तिक कारणास्तव" किंवा "स्वखुशीने" असा शब्द त्यात बहुतेक सापडेलच, आणि सगळी गोम तिथेच आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून "आम्ही काढतोय" असं ती लिहून देत नाही, पालकांकडून दाखला मागवून घेते. एकदा सही झाली की पुढे शिक्षणाधिकारी असोत की न्यायालय, पहिला प्रश्न तुम्हालाच येणार : दाखला तुम्हीच मागितलात ना?

शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालाकडे (अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळणाऱ्या) बोट दाखवून "हा कायदा आम्हाला लागू नाही" असं सांगतील. तरी घाबरू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 आहेच, आणि त्यातही नेमकं कलम 16 च कामाचं आहे. सरकारचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्यांच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, असं ते कलम म्हणतं. अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलेलं नाही. एक बारकावा मात्र आहे : हे करवून घेण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. त्यामुळे तुमचा कागद एकट्या शाळेकडे जाऊन भागणार नाही, शिक्षण खात्याला त्यात पहिल्यापासून ओढायला हवं.

आता शॅडो टीचर. हा शब्द कायद्यात कुठेही नाही. "वाजवी सोय" म्हणजे संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता करता येणारा बदल, अशी व्याख्या आहे. म्हणून एका मुलामागे दिवसभर एक माणूस शाळेने स्वतःच्या खर्चाने ठेवलाच पाहिजे, असा आदेश हमखास मिळेल असं मी म्हणणार नाही. पण याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. आधी स्वतः काहीच न करता "माणूस आणा, तरच मूल बसेल" अशी अट शाळेला घालता येत नाही. सीबीएसईच्या संलग्नता नियमांप्रमाणे शाळेत विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये, रजनीश कुमार पांडे प्रकरणात, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मागे एक असं विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं. तेव्हा शनिवारी तुम्हीच विचारा : आपल्या शाळेतले विशेष शिक्षक कोण, आणि माझ्या मुलासोबत ते आठवड्यातून किती तास असतात? या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतताच मिळते.

पत्र मुख्याध्यापिकांच्या नावे लिहा, एका पानात. चावल्याची गोष्ट लपवू नका. दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांची तक्रार खरी आहे आणि त्यांच्या मुलाची काळजी घेणंही शाळेचं कामच आहे. घडलं ते लिहा आणि पुढे नेमक्या सोयी मागा. मुलाला घंटेजवळच्या दारापासून लांबचा बाक द्यावा, घंटेच्या वेळी हेडफोन लावू द्यावा, दिवसाचं वेळापत्रक चित्रांच्या कार्डांवर बाकावर चिकटवावं, अंगावर येईल इतका गोंगाट झाला तर दहा मिनिटं बसायला शांत जागा द्यावी. तुमच्या थेरपिस्टकडून यावर दोन ओळींचा दुजोरा घ्या. यातल्या कशाला खर्च येतो सांगा! "अवाजवी बोजा" म्हणायला शाळेला जागाच उरत नाही. शेवटचं वाक्य असं ठेवा : "मुलाला शाळेतून काढण्याची आमची इच्छा नाही. आपला तसा निर्णय असल्यास कारणांसह लेखी कळवावा." पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या आणि समग्र शिक्षा योजनेतल्या समावेशित शिक्षण विभागाकडून मुलाचं मूल्यांकन व्हावं, अशी मागणी त्यात करा.

स्पेशल स्कूल वाईट असते असं मुळीच नाही. काही मुलं तिथेच फुलतात. पण 2016 च्या कायद्याचं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि निवड मुलाची आहे. मुख्याध्यापिकांची नाही, सासऱ्यांचीही नाही. दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आजच अर्ज करा, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. कलम 16 मात्र 40 टक्क्यांची अट घालत नाही, तेव्हा प्रमाणपत्र येईपर्यंत पत्र थांबवू नका.

"मोफत" हा शब्द वाचून फी थांबवू नका, ही कळकळीची विनंती. विनाअनुदानित शाळेत तो वाद वेगळा आणि लांबणारा आहे. थकबाकी दिसली की मूळ मुद्दा बाजूला पडून तुम्हीच फी बुडवणारे पालक ठरता.

एवढं करूनही शाळा हटली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. वकील लावायची गरज नाही. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो आणि त्यावर काय केलं हे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. मुलाला वर्गात बसूच दिलं नाही, तर मात्र तीन महिन्यांची वाट न पाहता मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका दाखल करावी लागेल. त्यासाठी पोच असलेलं पत्र, हजेरी दाखवणारी डायरी, फीच्या पावत्या, वैद्यकीय अहवाल आणि तो सही न केलेला छापील अर्ज जपून ठेवा. अर्ज शाळेला परत देऊ नका. व्हॉट्सॲपवरचे वर्गशिक्षिकेचे निरोपही पुसू नका.