विद्यार्थ्यांच्या गटाने बांबूचा छोटा मांडव बांधायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही सहा जण कॉलेजच्या आवारात 10 बाय 12 फुटांचा बांबूचा मांडव बांधणार आहात, कॉम्प्युटरवर मॉडेल झालंय, आणि आता पुढे काय, असं विचारलंय. माझं ऐका, मॉडेल आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी बांबू आणा.

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षी आम्ही आठ जणांनी सिंधुदुर्गातल्या एका शाळेसाठी वाचनाचा मांडव बांधला. नकाशात आमचे सगळे बांबू पाइपासारखे सरळ, एकाच जाडीचे. टेम्पोतून उतरले ते बुंध्याला जाड, शेंड्याला बारीक, काही चक्क वाकडे. मग दोन दिवस आम्ही प्रत्येक बांबू मोजला, खडूने नंबर घातले आणि नकाशा पुन्हा काढला. जाड बुंधे खांबांना, सर्वांत सरळ तो आढ्याला, शेंडे वाशांना. मला वाटतं, खरं डिझाइन आम्ही त्या दोन दिवसांत शिकलो.

आमचा बांबू माणगा जातीचा होता. त्याला काटे नसतात आणि तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून बोल्ट चांगला धरतो. विदर्भातला मानवेलही बराच भरीव. कळक मात्र आतून पोकळ, बोल्ट आवळला की चेपतो. तिथे त्या पेरात सिमेंटचा माल भरावा लागतो.

बांबू 3-4 वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या. कोवळ्यात पाणी आणि साखर-स्टार्च जास्त, त्यामुळे भुंगा लवकर लागतो. आम्ही 100 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि 2 किलो बोरिक ॲसिड घालून आठवडाभर भिजवला. आतल्या गाठी आधी लांब सळईने फोडून घ्या, नाहीतर पाणी आत जात नाही. हे औषध पावसात धुऊन जातं. म्हणून छपराची पागोळी खांबांपासून लांब पडू द्या. खांब मातीत पुरूच नका, फूटभर उंच काँक्रीटच्या ठोकळ्यावर, त्यातून वर आलेल्या सळईवर बसवा.

आमची मोठी चूक बांधांची झाली. ओल्या बांबूला काथ्या कचकचून आवळला. बांबू वाळून आकसला आणि महिन्याभरात सगळे बांध ढिले. गावातल्या बुरूड मामांनी एका नजरेत ओळखलं. "वाळवायचा धीर नव्हता होय पोरांनो?" म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत आमच्यासोबत बसून सगळे बांध नव्याने बांधून दिले. तुमच्या गावात असं कुणी असेल तर पहिल्या दिवसापासून त्यांना बोलवा आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्या.

खिळा ठोकू नका, बांबू उभा चिरतो. ड्रिलने भोक पाडा, तेही गाठीजवळ. चारी बाजूंना तिरके टेकू हवेतच, नाहीतर चौकट वाऱ्याने कलते. काटकोनाला 3-4-5 ची दोरी पुरते (3, 4 आणि 5 फूट बाजूंचा त्रिकोण ताणला की 3 आणि 4 च्या मधला कोपरा काटकोन), खांबाला ओळंबा लावा.

आणि बाकीचं कापायच्या आधी एकच जोड पूर्ण मापाचा करा, त्याला दोघं जण लोंबकळून बघा. करकरला तर तो जोड बदला.