पगार नाही त्या दिवशीचं काम

"ताई, फर्लोवर टाकलंय. म्हणजे आता पुढची पायरी घरी बसवणं, हो ना?"

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत काम करणारी आपली माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. २००९च्या मंदीत आली, २०२०मध्ये तर रांगच लागली. राज्य सरकारने अनुदान कापलं किंवा वसतिगृहं ओस पडली, की विद्यापीठ माणसं काढण्याऐवजी सगळ्यांना थोडे थोडे दिवस बिनपगारी घरी पाठवतं; यालाच फर्लो म्हणतात. नोकरी राहते, ठरलेल्या दिवसांचे पैसे जातात. इतकं सरळ असूनही माणसं आतून मोडतात ती का, हे मला एका बाईंनी दाखवलं.

चाळिशीच्या, एका विद्यापीठात प्रयोगशाळेची व्यवस्था बघणाऱ्या. आल्या त्याच हिशेबाची वही घेऊन. घराचा हप्ता, मुलीची फी, कोल्हापूरला सासूबाईंना पाठवायचे पैसे. मी सगळी बेरीज होऊ दिली. तंगी होती, पण भागत होतं. मग झोप कशाने उडाली होती?

"फर्लोच्या दिवशी काय करता?" मी विचारलं.

"काही नाही. घरीच असते."

"जरा पाठवलेल्या मेल काढून बघा."

त्यांनी फोन उघडला. गेल्या फर्लोच्या दिवशीची पहिली मेल सकाळी सातची, शेवटची रात्री सव्वाअकराची. मधली एक पोहे परतता परतता लिहिलेली. त्यांनीच सांगितलं आणि स्वतःच ओशाळल्या.

"या दिवसाचा पगार मिळाला?"

"नाही."

"काम?"

"झालं ना. सगळं झालं."

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहता येणं हे आमच्या कामातलं निम्मं कसब आहे, आणि ते मला जमतं असं म्हणायला आता हरकत नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ताई, मी एक दिवस थांबले आणि कुणाचं काहीच अडलं नाही, तर?"

खरं दुखणं हे होतं, पैसे नंतरचे. 'माझ्यावाचून अडलंच पाहिजे, नाहीतर मी बिनकामाची' असा हट्ट मनाने धरला होता, आणि फर्लोचं पत्र त्यांनी त्या हट्टाच्या चष्म्यातून वाचलं होतं. घटना माणसाला जेवढी छळते, त्याहून जास्त छळतो आपण तिचा लावलेला अर्थ. मी या मताची आहे आणि वर्षागणिक जास्तच पक्की होते आहे.

पण मत सांगून कुणाचं मन वळत नाही, पुरावा लागतो. मी त्यांच्यापुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २००९-१०चा तक्ता ठेवला. वर्षाला ४०,००० डॉलरपर्यंत पगार असलेल्यांना ११ दिवस आणि सुमारे ४ टक्के कपात. २,४०,०००च्या वर २६ दिवस आणि १० टक्के.

"फर्लो नालायकीवरून ठरत असेल, तर यात सगळ्यात नालायक कोण?"

त्यांनी बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि खळखळून हसल्या. "म्हणजे आमचे मोठे साहेब!" पत्र त्यांच्या नावाने आलं असलं, तरी निकष पगाराची पायरी होता, हे त्या हसण्यात उतरलं.

पुढच्या फर्लोच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मेलला आपोआप जाणारं उत्तर लावलं आणि लॅपटॉप कपाटात ठेवला. एक पार्सल दिवसभर दाराशी पडून राहिलं. एवढंच अडलं. सासूबाईंना मात्र सांगायला आणखी महिना गेला. त्या फोनवर म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचंस? दोन महिने पैसे नको पाठवूस."

आता तुमच्यासाठी. फर्लोच्या दिवशी काम न करणं हा आळस नाही, नियम आहे. तिथल्या कामगार कायद्यानुसार सरकारी विद्यापीठातला, एरवी ओव्हरटाइम न मिळणारा कार्यालयीन पगारदारही बजेटपायी लादलेल्या फर्लोच्या आठवड्यापुरता तासांच्या हिशेबात येतो, म्हणजे केलेल्या तासांचे पैसे द्यावे लागतात (शिकवणाऱ्यांचं वेगळं). त्यामुळे तुमची ती निष्ठेची मेल साहेबांनाच अडचणीत आणू शकते. शिल्लक भरपगारी रजा त्या दिवशी टाकून पैसे वाचवू म्हणाल, तर ते सहसा चालत नाही.

मनुष्यबळ विभागाला तीन गोष्टी लेखी विचारा: कपात दरमहा समान वाटणार की ज्या महिन्यात दिवस घेतला त्याच महिन्यात होणार, आरोग्य विमा तसाच राहतो का, आणि पेन्शनचा हिशेब जुन्या पगारावर होतो का. उत्तर हाती येईपर्यंत रात्री आकडेमोड करत बसू नका. आणि एच-१बी व्हिसावर असाल तर फर्लोच्या पत्रावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी कर्मचारी कार्यालयात जा. व्हिसासाठी श्रम खात्याला जो पगार लिहून दिलेला असतो, तो मालकाने स्वतःहून काम थांबवलं तरी द्यावाच लागतो, त्यामुळे तुम्हाला हा फर्लो लागू करता येतो का हेच आधी तपासावं लागतं.