किनाऱ्यावरच्या युद्धकालीन तोफखान्यांत तोफाच नसतात, मग तिथे बघायचं काय?

तोफा नसतात, कारण त्या चांगल्या पोलादाच्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यांची गरजही संपत गेली. ब्रिटनने तर १९५६ साली किनारी तोफखानाच मोडीत काढला. तोफा कापून भंगारात गेल्या, काँक्रीट फोडत बसायला कोणालाच परवडलं नाही.

मी अशा ठिकाणी आधी पायाखाली बघतो. गोल खळग्यात गंजलेल्या बोल्टांचं कडं दिसलं, की तोफेची बैठक तिथे आवळलेली होती. भिंतीतले कोनाडे हाताशी लागणाऱ्या गोळ्यांसाठी. वर छप्पर असलं, तर तोफेच्या तोंडासमोरच्या झरोक्याच्या कडा नीट बघा. जर्मन बांधकामात त्या बहुधा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. नुसता उतार ठेवला तर शत्रूचा गोळा त्यावरून घसरत थेट आत येईल. पायरीवर तो अडतो.

पण बहुतेक जण बघत नाहीत ती टेहळणीची जागा. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे, कारण तोफ स्वतः आंधळी असते. उंच कड्यावरून जहाजाच्या पाणरेषेवर दुर्बीण रोखायची. ती किती अंशांनी खाली झुकली यावरून, कड्याची उंची माहीत असल्यामुळे, अंतर निघतं. भरती-ओहोटीने ही उंची बदलते, म्हणून तोही हिशोब धरावा लागे.

फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या लाँग-सुर-मेरला हे सगळं एकत्र बघता येतं, आणि तिथे चक्क तोफाही आहेत. १५० मिमीच्या चार तोफा कड्यापासून बऱ्याच मागे, दुमजली टेहळणी बंकर मात्र अगदी कड्याच्या टोकाशी. दोन्हींना जोडणारी टेलिफोनची तार बॉम्बफेकीत तुटली. ६ जून १९४४ ला तोफा डागल्या गेल्या, पण एकही जहाज बुडालं नाही. दुसऱ्याच दिवशी ठाणं ब्रिटिशांच्या हाती पडलं.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या खचून कित्येक बंकर पुळणीवर तिरके कलंडलेत. ते ओहोटीला बघा. आणि कुठल्याही दारूगोळ्याच्या कोठारात विजेरीशिवाय शिरू नका. जमिनीतल्या उघड्या भोकांवर माझा पाय दोनदा पडता पडता राहिलाय.