कंपनीचं नाव घेऊन जाहीर बोभाटा केला तर खरंच फरक पडतो का?

पडतो, पण ज्याला चारचौघांत तोंड दाखवायचं असतं त्यालाच. तुम्ही लिहिलंय की राजीनामा देऊन तीन महिने झाले, हिंजवडीतली कंपनी फायनल सेटलमेंट, म्हणजे राहिलेल्या पैशांचा हिशोब, करत नाही, तर लिंक्डइनवर नाव घेऊन लिहू का. लिहा. पण आधी माझं ऐका. हा उद्योग मी केलाय आणि त्याचे टोमणे अजून खातोय.

2016 मध्ये मी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला होतो. आमचा माल चाकणच्या एका मोटार कंपनीत जायचा. प्रेसवर सगळी ठेकेदाराची पोरं, बहुतेक नांदेड-परभणीकडची, मोशीत एका खोलीत सहा-सहा जण राहणारी. त्यातल्या एकाला आईच्या ऑपरेशनसाठी पीएफ काढायचा होता, म्हणून मी त्याला मोबाइलवर पासबुक उघडून दिलं. स्लिपवर दर महिन्याला कपात, पासबुकात सात महिन्यांत एक रुपया नाही. मग जेवणाच्या सुट्टीत एकेकाचं बघत गेलो. एकतीस जणांचं तेच.

सुपरवायझर म्हणाला, ठेकेदाराचा विषय आहे, आपण पडायचं नाही. मालकांच्या केबिनबाहेर दोनदा बसून आलो. शेवटी स्लिप आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून फेसबुकवर टाकलं, आणि चाकणच्या कंपनीचं नाव मुद्दाम पहिल्या ओळीत घातलं. आमच्या मालकाची अब्रू जायला आधी त्याला कुणी ओळखायला तर हवं! तिसऱ्या दिवशी चाकणहून परचेसवाल्यांचा, म्हणजे त्यांच्या खरेदी खात्याचा फोन, चौथ्या दिवशी ठेकेदार बाहेर. दोन दिवस मी शॉपमध्ये छाती काढून फिरलो.

सोमवारी नवा ठेकेदार आला आणि जुने गेट पास बंद झाले. एकतीस पोरं डबे हातात घेऊन गेटवर उभी. आतल्या बाजूला मी.

आमचे साडू एचआरमध्ये. गेली कित्येक वर्षं प्रत्येक वास्तुशांतीला, प्रत्येक बारशाला त्यांचं एकच, ‘चव्हाट्यावर आणलंस आणि एकतीस जणांना घरी बसवलंस. आत बसून मिटलं असतं.’ सात महिने आतच होतं ना सगळं? मिटलं का? पोरांना काढलं ठेकेदाराने आणि मालकाने, खापर मात्र ज्याने फोटो टाकला त्याच्यावर. एचआरवाल्यांचा हा हातखंडा आहे.

पैसे मिळाले ते मात्र पोस्टमुळे नाही. ठेकेदाराने पीएफ बुडवला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, कायदा स्पष्ट आहे. पोरांनी पीएफ ऑफिसात साधा अर्ज दिला, पीएफ कायद्याच्या कलम 7अ खाली थकबाकीची चौकशी लागली, सव्वा वर्षाने खात्यात रक्कम दिसली. नोकऱ्या काही परत आल्या नाहीत. अर्ज आधी आणि पोस्ट नंतर, एवढा क्रम माझा चुकला. साडूंना हे अजून सांगितलेलं नाही.

बोभाट्याने काहीच होत नाही असंही नाही. 1998 मध्ये नायके या अमेरिकी बूट कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना जाहीर भाषणात कबूल करावं लागलं की आपल्या कंपनीचं नाव गुलामीच्या मजुरीशी जोडलं गेलंय, आणि कामगारांचं किमान वय वाढवायचं आश्वासन द्यावं लागलं. बूट विकायचे होते ना. आपल्याच पुण्यात 2024 मध्ये एका बड्या फर्ममधली 26 वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागल्यावर चार महिन्यांत गेली. तिच्या आईचं पत्र देशभर फिरलं, तेव्हा कुठे कामगार खात्याची माणसं त्या ऑफिसात पोचली. बघतात तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली कित्येक वर्षं नोंदणीच नाही! पत्र बाहेर आलं नसतं तर अजूनही कुणी विचारलं नसतं.

तुमच्या कंपनीला नवीन भरती करायची असते, त्यामुळे लिंक्डइनची भीती असणारच. पण आधी लेखी मागणी, मग वाकडेवाडीला कामगार आयुक्तालयात तक्रार, तिचा पोच क्रमांक हातात आला की मग पोस्ट. आणि हो, हे वर सांगायला हवं होतं: ‘चोर’, ‘लुटारू’ असले शब्द नकोत. तारखा आणि रकमा लिहा, बस. बदनामीच्या खटल्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. मी वकील नाही, एकदा कुणाला तरी विचारून घ्या.

राजीनाम्याची पोच आणि पगाराच्या स्लिपा स्वतःच्या मेलवर घेतल्यात ना? की लॅपटॉपबरोबर त्याही परत दिल्यात?